शिकागोतील खुनांचा नकाशा

एखाद्या शहरात वर्षभरात झालेल्या खुनांच्या संख्येला त्या शहराच्या लोकसंख्येने भागून एक लाखाने गुणले की जो आकडा येतो, त्याला खुनाचा दर म्हणतात. आणि दोन शहरांची किंवा एकाच शहरातील दोन काळांची तुलना करावयाची असेल, तर नुसत्या संख्येपेक्षा हा दरच ग्राह्य धरला जातो. अमेरिकेतील शिकागो शहराच्या उदाहरणातून या भेदाचे महत्त्व चटकन ध्यानात येते. १९७४ साली तेथे ९७० खून झाले आणि संख्येच्या दृष्टीने ते वर्ष शहराच्या इतिहासातील सर्वांत भीषण ठरले. १९९२ साली ही संख्या ९४० च्या आसपास, म्हणजे किंचित कमीच होती. परंतु मधल्या अठरा वर्षांत काही लाख रहिवासी शहर सोडून उपनगरांत आणि इतर राज्यांत गेलेले असल्याने दर मात्र १९९२ चाच अधिक, लाखामागे सुमारे ३४ इतका भरतो. भारतात २०२२ साली २८,५२२ खुनांची नोंद झाली आणि देशाचा दर लाखामागे दोनच्या थोडा वर निघाला, हे लक्षात घेतले म्हणजे ३४ या आकड्याचे गांभीर्य कळते.

तरीही शहराचा दर ही अखेर सरासरीच असते, आणि शिकागोमध्ये ही सरासरी फारच थोड्या रहिवाशांच्या प्रत्यक्ष वाट्याला येते. शहराच्या वायव्य टोकाला असलेल्या एडिसन पार्कसारख्या वस्तीत वर्षेच्या वर्षे एकही खून होत नाही; उलट पश्चिम भागातील वेस्ट गारफील्ड पार्क या जेमतेम सतरा हजार लोकवस्तीच्या भागात २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२०-२१ मध्ये हा दर लाखामागे शंभराच्या वर गेला. शिकागो परिसरातील मराठी कुटुंबे ज्या रस्त्यावर वाणसामान, मिठाई आणि साड्या घ्यायला जातात, तो डेव्हॉन ॲव्हेन्यू वेस्ट रिज या उत्तरेकडील वस्तीत येतो आणि तेथून वेस्ट गारफील्ड पार्क सरळ रेषेत अवघे तेरा-चौदा किलोमीटर दूर आहे. या दोन ठिकाणी राहणाऱ्या माणसांचा महापौर एक, पोलीस खाते एक आणि कायदाही एकच असताना त्यांच्या जिवाला असलेल्या धोक्यात इतके अंतर का पडावे, आणि हे अंतर काळाबरोबर कमी होते की वाढते, हा शहरी गुन्हेगारीच्या अभ्यासातला मध्यवर्ती प्रश्न आहे.

या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी शिकागोइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल, आणि त्याचे कारण १९२० च्या दशकातील एका निर्णयात आहे. शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट पार्क आणि अर्नेस्ट बर्जेस या समाजशास्त्रज्ञांच्या वर्तुळाने त्या काळी शहराची ७५ भागांत विभागणी केली आणि प्रत्येक भागाला ‘कम्युनिटी एरिया’ असे नाव दिले. पुढे विमानतळाचा ओहेअर परिसर आणि १९८० मध्ये अपटाउनपासून वेगळी काढलेली एजवॉटर ही वस्ती मिळून हे भाग ७७ झाले. नगरसेवकांचे प्रभाग, म्हणजे वॉर्ड, दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर नव्याने आखले जातात आणि पोलिसांच्या हद्दीही प्रशासनाच्या सोयीनुसार बदलतात. या ७७ भागांच्या सीमा मात्र शंभर वर्षांत जवळजवळ हललेल्या नाहीत. त्यामुळे १९३० मधील एंगलवूड आणि २०२० मधील एंगलवूड यांची तुलना करताना जमिनीचा तोच तुकडा डोळ्यांसमोर आहे याची खात्री असते. मापनाची पट्टी न बदलता शंभर वर्षे एकाच शहराची मोजणी करता येणे ही सामाजिक शास्त्रातील दुर्मीळ गोष्ट होय.

पट्टी स्थिर असली तरी मोजणीत खाचखळगे पुष्कळ आहेत. फुलर पार्क आणि बर्नसाइड या दोन वस्त्यांची लोकसंख्या प्रत्येकी अडीच हजारांच्या आसपास आहे. तेथे वर्षभरात एक खून झाला तरी दर लाखामागे ४० वर जातो, दोन झाले तर ८० वर, आणि पुढच्या वर्षी एकही झाला नाही तर तो थेट शून्यावर येतो. अशा चढउतारांतून त्या वस्तीविषयी काहीही सिद्ध होत नसल्याने अभ्यासक लहान वस्त्यांसाठी तीन किंवा पाच वर्षांची सरासरी घेतात. शहराच्या मध्यभागी असलेल्या ‘लूप’ या व्यापारी भागाची अडचण निराळी आहे: तेथे राहणाऱ्यांपेक्षा कामासाठी येणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी असल्याने रहिवाशांच्या संख्येने भागून काढलेला दर फसवा ठरतो. द्रुतगती मार्गांवर झालेले खून शिकागो पोलिसांच्या वार्षिक बेरजेत धरले जात नाहीत, कारण ते राज्य पोलिसांच्या अखत्यारीत येतात. आणि एका वर्षी गोळी लागलेला माणूस काही वर्षांनी त्याच जखमेने मरण पावला, तर त्याची नोंद मृत्यूच्या वर्षात होते. एकाच वर्षासाठी दोन ठिकाणी थोडे वेगळे आकडे दिसतात त्यामागे बहुधा अशीच कारणे असतात.

शिकागोच्या खुनांची जुनी नोंद विलक्षण म्हणावी इतकी सलग आहे. पोलिसांनी १८७० ते १९३० या काळात हाताने लिहून ठेवलेल्या नोंदवहीत अकरा हजारांहून अधिक प्रकरणे आढळतात, आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील अभ्यासकांनी ती संगणकावर आणून सर्वांसाठी खुली केली आहेत. त्या काळच्या नकाशावर रक्ताचे डाग आजच्यापेक्षा फार वेगळ्या ठिकाणी दिसतात. नदीच्या उत्तर फाट्याजवळ, गॅसच्या कारखान्याच्या धुरात वसलेल्या वस्तीला लोक ‘लिटल हेल’, म्हणजे छोटा नरक, म्हणत. आधी आयरिश आणि स्वीडिश, नंतर सिसिलीहून आलेली इटालियन कुटुंबे तेथे राहिली आणि त्या वस्तीतल्या एका चौकाला वारंवार होणाऱ्या खुनांमुळे ‘डेथ कॉर्नर’ हे नाव पडले. १९२९ साली टोळीयुद्धात सात माणसांना भिंतीशी उभे करून ठार मारण्यात आले ते गॅरेज नॉर्थ क्लार्क रस्त्यावर, लिंकन पार्क या वस्तीत होते. आज लिंकन पार्क ही शहरातील अत्यंत श्रीमंत आणि सुरक्षित वस्त्यांपैकी एक समजली जाते.

वस्ती आणि गुन्हा यांच्या नात्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी केला. अमेरिकेतील पहिले बालन्यायालय १८९९ मध्ये शिकागोतच सुरू झाले होते. त्याच्या कागदपत्रांतून या दोघांनी हजारो मुलांचे पत्ते काढून ते शहराच्या नकाशावर टिंबांनी दाखवले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९३३ पर्यंतचे तीन वेगवेगळे कालखंड एकमेकांशी ताडून पाहिले. १९४२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष त्या काळच्या समजुतींना धक्का देणारा होता. कारखान्यांना आणि व्यापारी केंद्राला लागून असलेल्या ज्या वस्त्यांत जर्मन आणि आयरिश राहत असताना बालगुन्हेगारीचे प्रमाण जास्त होते, तेथे पुढे पोलिश आणि इटालियन आले तरी ते प्रमाण जास्तच राहिले. आणि जे लोक त्या वस्त्या सोडून बाहेरच्या भागात स्थायिक झाले, त्यांच्या मुलांमधील गुन्हेगारी कमी झाली. गुन्हा विशिष्ट वंशाच्या रक्तात असतो, असे उघडपणे बोलले जाण्याच्या त्या काळात या दोघांनी लोकांऐवजी जागेकडे बोट दाखवले, हे त्यांचे मोठेच ऋण आहे.

परंतु त्यांच्या सिद्धांतात एक गृहीतक दडलेले होते: गरीब वस्तीत आलेला प्रत्येक गट काही काळाने सावरतो आणि पुढे सरकतो. अमेरिकेच्या दक्षिणेतून शिकागोत आलेल्या कृष्णवर्णीयांच्या बाबतीत ही वाटच अडवली गेली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी गृहकर्ज संस्थेने शहराचे जे नकाशे तयार केले त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवून तेथे कर्ज देणे धोक्याचे ठरवले गेले. बँकेचे कर्ज मिळेना, तेव्हा नॉर्थ लॉनडेलसारख्या वस्तीत हजारो कुटुंबांनी करारावर घरे घेतली: घराची किंमत बाजारभावाच्या कितीतरी वर लावलेली, दरमहा हप्ता ठरलेला, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याचीच, त्यामुळे एक हप्ता चुकला तरी घर आणि आजवर भरलेले सगळे पैसे दोन्ही हातचे जात. १९६८ च्या सुमारास या कुटुंबांनी संघटित होऊन लढा दिला, पण तोवर एका पिढीची बचत नाहीशी झाली होती. पाठोपाठ कामे गेली. शहराची ओळख असलेले कत्तलखान्यांचे आवार १९७१ मध्ये बंद झाले, नॉर्थ लॉनडेलमधून शेतीअवजारांचा मोठा कारखाना आणि सीअर्स कंपनीचे मुख्यालय गेले, आणि दक्षिण टोकाचा प्रचंड पोलाद कारखाना १९९२ साली थंडावला. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अशा वस्तीचे पुढे काय होते हे वेगळे सांगण्याची गरज नाही. १९६० मध्ये नॉर्थ लॉनडेलमध्ये सव्वा लाखाच्या आसपास माणसे राहत होती, २०२० मध्ये ती ३५ हजारांच्या आत आली. एंगलवूडची लोकसंख्या याच काळात सुमारे ९७ हजारांवरून २४ हजारांवर उतरली. ज्यांना जाणे शक्य होते ते गेले, आणि मागे उरलेल्यांच्या वाट्याला ओस पडलेली घरे, बंद दुकाने आणि अमली पदार्थांचा बाजार आला.

१९९२ नंतरचा काळ या विषयात सर्वांत जास्त बोधप्रद आहे, कारण याच काळात शहराचा आकडा आणि वस्त्यांचे आकडे यांची फारकत झाली. संपूर्ण शहराचा विचार केला तर चित्र दिलासा देणारे होते: २००४ साली खुनांची संख्या १९६५ नंतर प्रथमच पाचशेच्या खाली आली आणि २०१४ च्या सुमारास ती चारशेच्या थोडी वर, म्हणजे लाखामागे पंधराच्या आसपास राहिली. पण ही घट सर्वत्र सारखी नव्हती. लोगन स्क्वेअर, अपटाउन यांसारख्या उत्तरेकडील वस्त्यांत १९९० च्या आरंभी हिंसाचार काही थोडाथोडका नव्हता. तेथे घरांच्या किमती वाढल्या, नवा मध्यमवर्ग आला, आणि दर झपाट्याने खाली आले. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या अनेक वस्त्यांत मात्र सुरुवातीला झालेली थोडी घट टिकली नाही, आणि पुढच्या दशकांत तेथील दर पुन्हा जुन्या पातळीच्या जवळ, काही ठिकाणी तिच्याही वर गेले. म्हणजे शहर सुरक्षित होत असताना त्यातील सुरक्षित आणि असुरक्षित वस्त्यांमधले अंतर वाढत गेले. सरासरी घसरली म्हणून समाधान मानणाऱ्या प्रशासनाला हे अंतर दिसत नाही, आणि शिकागोच्या बाबतीत ते बराच काळ दिसले नाही असेच म्हणावे लागते.

२०१६ मध्ये एका वर्षात खून निम्म्याहून अधिक वाढून साडेसातशेच्या पुढे गेले, तेव्हाही वाढीचा भार सारखा पडला नाही. ऑस्टिन, एंगलवूड, वेस्ट एंगलवूड, न्यू सिटी आणि ग्रेटर ग्रँड क्रॉसिंग या पाच वस्त्यांत शहराची दहा टक्क्यांहून कमी लोकसंख्या राहते, पण वाढीचा जवळजवळ अर्धा वाटा त्यांच्याकडे गेला. या उसळीची कारणे शोधताना शिकागो विद्यापीठाच्या ‘क्राइम लॅब’ला कोणतेही एक कारण पुरेसे वाटले नाही. आदल्या वर्षाच्या अखेरीस पोलिसांच्या गोळीने मेलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाची चित्रफीत उघड झाली होती, पोलिसांवरचा विश्वास ढासळला होता, रस्त्यात थांबवून चौकशी करण्याचे प्रमाण एकदम घटले होते. शिवाय खुनाच्या दर चार प्रकरणांपैकी जेमतेम एका प्रकरणात आरोपी निश्चित होत होता. ज्या गल्लीत खुनी मोकळा फिरताना दिसतो, तेथे मृताचा भाऊ किंवा मित्र न्यायालयाची वाट पाहत नाही, आणि एका खुनातून दुसरा जन्म घेतो.

गरिबी हेच सगळ्याचे मूळ असेल, तर सारख्याच गरीब वस्त्यांचे दर वेगवेगळे का असतात, हा प्रश्न उरतो. त्याचे सर्वांत गाजलेले उत्तर रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडले. त्यांच्या पथकाने १९९५ मध्ये शहराचे ३४३ भाग पाडून ८,७८२ रहिवाशांच्या मुलाखती घेतल्या, आणि विचारलेले प्रश्न अगदी रोजच्या जगण्यातले होते: मुले शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी राहिली तर शेजारी त्यांना हटकतील का, भिंतीवर कोणी रंग फासत असेल तर थांबवतील का, घरासमोर मारामारी झाली तर मध्ये पडतील का, जवळचे अग्निशमन केंद्र बंद होणार असेल तर लोक एकत्र येतील का. परस्परांवरचा विश्वास आणि सर्वांच्या भल्यासाठी पुढे होण्याची तयारी यांच्या या मिश्रणाला त्यांनी सामूहिक क्षमता या अर्थाचे नाव दिले. गरिबी, वंश, स्थलांतर हे सर्व घटक हिशेबात धरल्यानंतरही, ज्या वस्तीत ही क्षमता जास्त, तेथे हिंसाचार कमी आढळला. मात्र या निष्कर्षाचा उपयोग गरिबांना दोष देण्यासाठी करणे अन्यायाचे ठरेल. दर दोन वर्षांनी भाड्याचे घर बदलावे लागणाऱ्या, निम्मे शेजारी निघून गेलेल्या वस्तीत अशी क्षमता आपोआप टिकत नाही. ती मोडण्यात शहराच्या धोरणांचा हात मोठा आहे.

वस्तीच्या आतही धोका सर्वांना सारखा नसतो. अँड्र्यू पापाख्रिस्तोस यांनी २००६ ते २०१२ या काळात एकत्र अटक झालेल्या माणसांचे जाळे मांडून दाखवले, की गोळी लागून वाचलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक शहराच्या सहा टक्क्यांहूनही कमी लोकसंख्येच्या जाळ्यांतले होते. वेस्ट गारफील्ड पार्कमधली बहुसंख्य माणसे कामावर जातात, मुलांना शाळेत सोडतात आणि कोणत्याही टोळीशी संबंध न ठेवता जगतात. त्यांच्या वस्तीचा उल्लेख केवळ खुनांच्या संदर्भात करणे हाही त्यांच्यावरचा अन्यायच आहे. याच वस्तीत २००० साली गॅरी स्लुटकिन या डॉक्टरांनी, हिंसा साथीच्या रोगाप्रमाणे पसरते असे मानून, तिथल्याच माणसांना मध्यस्थ म्हणून नेमण्याचा प्रयोग सुरू केला आणि तो पुढे अनेक देशांत गेला.

दर ठरवण्यात रुग्णालयाचेही स्थान असते, कारण गोळी लागलेला माणूस वाचला तर तो खुनाच्या आकड्यात येत नाही. शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयाने प्रौढांसाठीचे अपघात-आघात केंद्र १९८८ मध्ये बंद केले. त्यानंतर शहराच्या दक्षिण भागातील जखमींना दूरवरच्या रुग्णालयांत न्यावे लागे, आणि स्थानिक तरुणांच्या दीर्घ आंदोलनानंतर मे २०१८ मध्ये ते केंद्र पुन्हा सुरू झाले.

जागेचा दर बदलू शकतो याचाही पुरावा शिकागोतच आहे, पण तो सावधपणे वाचावा लागतो. ‘लिटल हेल’च्या जागी १९४२ पासून सरकारी घरे बांधली गेली आणि कॅब्रिनी-ग्रीन या नावाने ती पुढे हिंसाचारासाठी देशभर कुप्रसिद्ध झाली, त्यातला अखेरचा मनोरा २०११ मध्ये पाडला गेला आणि आज त्या परिसरात महागडी घरे उभी आहेत. दक्षिणेकडील रॉबर्ट टेलर होम्स या वसाहतीतील सोळा मजल्यांच्या २८ इमारतीही २००७ पर्यंत जमीनदोस्त झाल्या. त्या जागांवरचे खून घटले हे खरे. पण तेथील हजारो कुटुंबे शहराच्या इतर गरीब वस्त्यांत विखुरली, आणि त्यांच्या वाट्याचा धोका त्या घटीत मोजला जात नाही. नकाशावरचा डाग पुसला गेला म्हणजे त्या माणसांचे आयुष्य सुरक्षित झाले, असा अर्थ काढता येत नाही. २०१९ मध्ये न्यू यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, की शिकागोतील स्ट्रीटरव्हिल भागात सरासरी आयुर्मान ९० वर्षे आहे, तर एंगलवूडमध्ये ६०. खून हे या तीस वर्षांच्या दरीच्या अनेक कारणांपैकी एक आहे, आणि उरलेली कारणेही त्याच वस्त्यांत राहतात.

२०२१ मध्ये आठशेच्या घरात गेलेली खुनांची संख्या २०२४ मध्ये ५७३ वर आली. ही घट कोणत्या वस्त्यांत झाली हे कोणालाही तपासता येते, कारण २००१ पासूनचा प्रत्येक नोंदलेला गुन्हा शिकागो शहराने तारीख आणि रस्त्याच्या खुणेसह इंटरनेटवर खुला ठेवला आहे आणि त्यात अवघ्या आठवडाभराचा विलंब असतो. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंदणीच्या वार्षिक अहवालात मुंबई, पुणे, नागपूर यांचा प्रत्येकी एकच आकडा मिळतो. पोलीस ठाण्यांच्या हद्दी महापालिकेच्या प्रभागांशी जुळत नाहीत, आणि त्यामुळे नागपूरच्या कोणत्या भागात दर किती, हे अभ्यासकालाही सहजासहजी काढता येत नाही. महाराष्ट्राच्या गृहविभागाने पोलीस ठाणेनिहाय खुनांची संख्या आणि त्या हद्दीतील लोकसंख्या दरवर्षी प्रसिद्ध करावी. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.